पर्समधली ज्येष्ठमधाची काडी

हे प्रकरण लिहायला मी पेशंटची आणि घरच्यांची परवानगी घेतली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ठाण्यात घोडबंदर रोडला राहणारी, २९ वर्षांची, पहिलटकरीण. नोकरी ऐरोलीला. नवव्या आठवड्यात नाव घातलं तेव्हा बीपी ११०/७०, हिमोग्लोबिन ११.६, साखर आणि थायरॉइड व्यवस्थित. पाचव्या महिन्याची सोनोग्राफी स्वच्छ. तोपर्यंत तिच्या केसपेपरवर लिहिण्यासारखं काही नव्हतं, एक ओळ सोडून: ‘कोरडा खोकला, तीन आठवडे, छाती साफ.’ तिच्या इमारतीसमोर मेट्रोचं काम चालू होतं आणि त्या दिवसांत ओपीडीत येणारी दर दुसरी बाई खोकत होती. मी वाफ सांगितली, मीठपाण्याच्या गुळण्या सांगितल्या आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

चोविसाव्या आठवड्यात ती आली ती चपलेचा पट्टा शेवटच्या भोकापर्यंत सैल करून. घोट्यांवर बोट दाबलं की खळगा पडत होता. बीपी १४४/९२. रिक्षा, ट्रॅफिक, आमचा जिना हे सगळं धरून अर्धा तास डाव्या कुशीवर झोपवलं आणि पुन्हा घेतलं. १४२/९०. विसाव्या आठवड्यानंतर बीपी १४०/९० च्या पुढे गेलं की आमच्या डोक्यात पहिली भीती प्री-एक्लॅम्पसियाची, म्हणजे गरोदरपणातल्या रक्तदाबाच्या गंभीर आजाराची, येते. पण लघवीत प्रोटीन नव्हतं. प्लेटलेट, लिव्हर, क्रिएटिनिन सगळं नीट. डोकं दुखत नव्हतं, डोळ्यांपुढे चमकत नव्हतं. बाळाची वाढ दिवसांप्रमाणे.

“मी दिलेल्या गोळ्यांशिवाय दुसरं काही औषध घेतेस का?” मी विचारलं.

“नाही मॅडम.”

मी ‘नाही’ असं लिहिलं, लॅबेटॅलॉल हे बीपीचं औषध १०० मिलिग्रॅम दोन वेळा चालू केलं आणि चार दिवसांनी बोलावलं. या प्रकरणात माझी चूक कुठे झाली असं कुणी विचारलं, तर ती याच ओळीत झाली. माझा प्रश्न बरोबर होता, शब्द चुकीचा होता.

चार दिवसांनी बीपी तसंच होतं आणि नवीन तक्रारी होत्या. रात्री पोटऱ्यांत गोळे येऊन जाग येते. जिना चढताना मांड्या साथ देत नाहीत. मधूनच छातीत धडधडतं. गरोदरपणात पायाला गोळे येणं रोजचंच, पण मांड्या साथ देत नाहीत हे वाक्य मला टोचलं. इलेक्ट्रोलाइट्स पाठवले. पोटॅशियम २.८ आलं. ते साडेतीनच्या आसपास तरी हवं. ईसीजीत टी लहरी चपट्या झालेल्या. तिला लगेच दाखल करून घेतलं आणि पोटॅशियम सुरू केलं.

उलट्या नाहीत, जुलाब नाहीत, लघवीची गोळी नाही, आणि तरी पोटॅशियम खाली, बीपी वर. ही जोडी डॉक्टरला एका बाजूला ढकलते: शरीरात अल्डोस्टेरॉन जास्त झालंय का? मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला आणि पोटॅशियम सोडून द्यायला सांगणारं हे हार्मोन. ॲड्रिनल ग्रंथीत गाठ असली तर असं होतं. अल्डोस्टेरॉन आणि ते सुटायला लावणारं रेनिन, दोन्हींसाठी रक्त पाठवलं. रिपोर्ट यायला आठवडा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या राउंडला मी तिच्या कॉटशी उभी असताना तिला खोकल्याची ढास लागली. तिने उशीजवळची पर्स उघडली, आतल्या खणातून एक काडी काढली आणि तोंडात धरली. बोटाएवढी जाड, वरून तपकिरी, आतून हळदीसारखी पिवळी. एक टोक चावून चावून दातवणासारखं कुंचला झालेलं.

“हे काय?”

“ज्येष्ठमध. ढास लगेच थांबते.”

“मला सांगितलं नाहीस ते?”

“तुम्ही औषध विचारलंत ना मॅडम. हे घरातलं आहे.”

त्या दुपारी मी तिच्या सासूबाईंना घरातलं सगळं घेऊन यायला सांगितलं. त्या चिपळूणहून खास सुनेसाठी येऊन राहिल्या होत्या. त्यांनी कापडी पिशवीतून एकेक वस्तू माझ्या टेबलावर मांडली. जांभळी नाक्यावरून आणलेली ज्येष्ठमधाची कागदी पुडी. सकाळ-संध्याकाळच्या काढ्याचा डबा: ज्येष्ठमध, सुंठ, तुळस, खडीसाखर. जेवणानंतरच्या बडीशेपेची बाटली, तिच्यातही ज्येष्ठमधाची पूड. आणि खोकल्याच्या चघळायच्या गोळ्या, ज्यांच्या वेष्टनावर घटक म्हणून ‘यष्टिमधु’, म्हणजे ज्येष्ठमधच, लिहिलं होतं. म्हणजे एकच मूळ चार वाटांनी पोटात जात होतं, आणि चारही वाटांवर प्रेमाने.

पुडी पाव किलोची आणली होती, सहा आठवड्यांपूर्वी. प्रसूतीगृहाच्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर उरलेलं मोजलं: ७० ग्रॅम. बेचाळीस दिवसांत १८० ग्रॅम, म्हणजे रोजचे सव्वाचार ग्रॅम. ज्येष्ठमधात ग्लायसिऱ्हायझिन नावाचं द्रव्य असतं, साखरेहून कितीतरी पट गोड. मुळात त्याचं प्रमाण जातीप्रमाणे आणि मातीप्रमाणे खूप बदलतं. चार टक्के धरलं, आणि ते जास्त नाही, तर रोजचे १७० मिलिग्रॅम होतात. सगळं काही काढ्यात उतरत नाही आणि चघळून निघत नाही, हे मान्य. पण बडीशेप आणि गोळ्या मी यात धरलेल्याच नाहीत. युरोपातल्या अन्नविषयक शास्त्रीय समितीने २००३ मध्ये निरोगी माणसासाठी घातलेली मर्यादा दिवसाला १०० मिलिग्रॅमची आहे.

एक एन्झाइम, दोन दारं

आपल्या रक्तात कॉर्टिसोल हे ताणाचं हार्मोन अल्डोस्टेरॉनच्या शेकडो पट जास्त असतं. गंमत नाही, धोका असा की मूत्रपिंडातल्या ज्या कुलपाला अल्डोस्टेरॉनची किल्ली लागते, त्याच कुलपाला कॉर्टिसोलही तितकंच चांगलं लागतं. मग रोज आपलं बीपी का वाढत नाही? कारण त्या कुलपाशेजारी एक एन्झाइम पहाऱ्याला बसलेलं आहे. ११-बीटा-हायड्रॉक्सिस्टेरॉइड डिहायड्रोजिनेज, प्रकार दोन. ते आलेल्या कॉर्टिसोलचं कॉर्टिसोन करून टाकतं, आणि कॉर्टिसोन त्या कुलपात बसत नाही. ज्येष्ठमधातलं द्रव्य आतड्यात फुटून जे तयार होतं, ते नेमकं या पहारेकऱ्याला झोपवतं. मग कॉर्टिसोलच अल्डोस्टेरॉनचं काम करायला लागतं: मीठ-पाणी साठतं, सूज येते, बीपी चढतं, पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं.

सुजेची पहिली नोंद जुनी आहे. नेदरलँड्समध्ये रेव्हर्स नावाच्या डॉक्टरांनी १९४६ मध्ये लिहिलं की पोटाच्या अल्सरवर ज्येष्ठमधाचा अर्क दिलेल्या रुग्णांच्या अंगावर सूज येते. अल्सरला गुण येत होता, सूजही येत होती. यामागचं एन्झाइम एडिनबर्गच्या संशोधकांनी दाखवून दिलं ते १९८७ मध्ये.

आठवड्याने माझ्या पेशंटचा रिपोर्ट आला. गरोदरपणात रेनिन आणि अल्डोस्टेरॉन दोन्ही एरवीपेक्षा बरेच वाढलेले असतात. तिचे दोन्ही तळाला होते. गाठ असती तर अल्डोस्टेरॉन वर असतं. इथे अल्डोस्टेरॉन नव्हतं, त्याचं काम मात्र कुणीतरी करत होतं.

आईच्या बाजूने प्रकरण इथेच मिटलं. चारही वाटा बंद केल्या. पोटॅशियम आठ दिवसांत ३.७ वर आलं. बीपीला थोडा जास्त वेळ लागला, कारण या द्रव्याचा असर बंद केल्यावरही आठवडा-दोन आठवडे रेंगाळतो. अठराव्या दिवशी ११८/७४, आणि तिसऱ्या आठवड्यात लॅबेटॅलॉलही थांबवलं. खोकला, सांगायला हवं, खिडक्या बंद ठेवून आणि मास्क लावूनच कमी झाला.

पण हेच एन्झाइम शरीरात आणखी एका दारावर बसलेलं असतं, आणि ते दार वारेत (प्लासेंटात) आहे. मला हे प्रकरण लिहावंसं वाटलं ते या दुसऱ्या दारासाठी.

गरोदरपणात आईचं कॉर्टिसोल दोन-तीन पट वाढतं. बाळाच्या रक्तात मात्र ते आईच्या मानाने पाच ते दहा पट कमी असतं. हा फरक वार राखते, त्याच एन्झाइमच्या बळावर: आईकडून येणारं बहुतेक कॉर्टिसोल पलीकडे जाण्याआधीच निकामी केलं जातं. बाळाला कॉर्टिसोल नको असं नाही. शेवटच्या आठवड्यांत बाळाच्या स्वतःच्या ॲड्रिनल ग्रंथी ते बनवतात आणि त्यावर फुप्फुसं पिकतात. पण हे हार्मोन पेशींना ‘वाढणं थांबव, तयार हो’ असं सांगणारं आहे. हा निरोप वेळेआधी आणि सतत पोचला, तर वजन कमी भरतं आणि मेंदूतली ताणाला उत्तर देणारी घडी वेगळ्या मापाने बसते, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दिसतं. एडिनबर्गच्याच गटाने १९९३ मध्ये मांडलं की मोठेपणीच्या रक्तदाबाचं एक मूळ वारेच्या या सैल पडलेल्या दारात असू शकेल. ज्येष्ठमधापासूनच बनवलेलं कार्बेनॉक्सोलोन हे औषध त्यांनी गाभण उंदरांना दिलं. पिल्लं हलकी जन्मली आणि मोठेपणी त्यांचं बीपी जास्त राहिलं.

माणसांतला पुरावा फिनलंडमधून आला, कारण तिथे ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्या-वड्या लोक चॉकलेटसारख्या खातात. हेलसिंकीत १९९८ मध्ये बाळंत झालेल्या बायकांना त्यांनी किती खाल्लं ते विचारून ठेवलं होतं. आठवड्याला ५०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ग्लायसिऱ्हायझिन घेणाऱ्यांची बाळंतपणं थोडी लवकर झाली होती. बाळांच्या वजनात मात्र म्हणण्यासारखा फरक नव्हता. तीच मुलं आठ वर्षांची झाल्यावर त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसोल जास्त आढळलं. बारा-साडेबारा वर्षांची झाल्यावर, २०१७ मध्ये छापलेल्या निष्कर्षांत, जास्त ज्येष्ठमध खाणाऱ्या आयांच्या मुलांचा बुद्ध्यांक कमी खाणाऱ्यांच्या मुलांपेक्षा सरासरी सात गुणांनी कमी होता, चंचलपणाच्या तक्रारी जास्त होत्या, आणि मुली वयात येण्याच्या वाटेवर लवकर पुढे सरकल्या होत्या. त्याच्या वर्षभर आधी, २०१६ मध्येच, फिनलंडच्या सरकारी आरोग्यसंस्थेने गरोदर बायकांना ज्येष्ठमध भरपूर खाऊ नका असा सल्ला दिला होता.

आमच्या हिशोबाने माझ्या पेशंटचं आठवड्याचं प्रमाण १,२०० मिलिग्रॅमच्या घरात होतं. पण सहा आठवडे, नऊ महिने नव्हे.

सासूबाई

हे सगळं मी एका बैठकीत सांगितलं नाही. सांगूही नये. पण तिच्या नवऱ्याने मोबाइलवर शोधून रात्रीतून वाचलं आणि दुसऱ्या दिवशी तिघेही माझ्यासमोर बसले. तो काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, “मीच दिलं ना तिला. सकाळी उठून मीच उकळायची.” त्यांचा आवाज फुटला. सूनबाईने त्यांच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, “आई, काडी तर मी मागून घ्यायची.”

मी काय बोलले ते जवळजवळ शब्दशः आठवतं. काकू, ज्येष्ठमध हे खोटं औषध असतं तर काहीच झालं नसतं. ते खरं औषध आहे, म्हणून त्याला मात्रा आहे. चरकाने ते जीवनीय द्रव्यांत घातलंय. सुश्रुताने गर्भिणीसाठी सांगितलेल्या द्रव्यांतही ते येतं. तुम्ही परकं काही दिलं नाहीत. आणि खोकला तिने मला सांगितला होता, तेव्हा ‘घरी काय करता’ हे विचारायचं काम माझं होतं.

त्या संध्याकाळी नौपाड्यातल्या माझ्या ओळखीच्या एका वैद्यांना फोन केला. त्यांचं म्हणणं साधं होतं: आम्ही देतो तेव्हा वजन करून, ठरावीक दिवस देतो, सूज किंवा रक्तदाब असेल तर देत नाही. पर्समध्ये ठेवून दिवसभर चघळणं हा आयुर्वेद नाही. आमच्यात एरवी पुष्कळ मतभेद होतात. यात एकही झाला नाही.

घरच्यांना खरं हवं होतं ते एकाच प्रश्नाचं उत्तर: बाळाला काही होईल का? मी सांगितलं ते असं. फिनलंडच्या बायकांना चिठ्ठ्या टाकून ज्येष्ठमध खायला लावलं नव्हतं. त्या आपणहून खात होत्या. शिक्षण, सिगारेट वगैरे फरक संशोधकांनी वजा केले, तरी काही फरक मागे राहू शकतो. सात गुण ही शेकडो मुलांची सरासरी आहे; एका मुलाच्या कपाळावर लिहिलेला आकडा नाही. आणि आपण चोविसाव्या आठवड्यात थांबवलं. पुरावा इतका नक्की आहे की गरोदर बाईला मी रोजचं ज्येष्ठमध देऊ नका म्हणेन. पोटातल्या एका बाळाचं भविष्य सांगण्याइतका तो नाही. वारेचं ते दार किती दिवस किती उघडं राहिलं हे मोजणारी तपासणी आमच्याकडे नाही, आणि कुणी ‘हार्मोन पॅनेल’ म्हणून काही विकायला आलं तर पैसे घालवू नका.

एकतिसाव्या आठवड्यातली इंजेक्शनं

डोहाळजेवणाच्या आठवड्यातच तिला कळा सुरू झाल्या. गर्भाशयाचं तोंड आखूड झालं होतं. कळा थांबवायचं औषध दिलं आणि बाळाची फुप्फुसं लवकर पिकावीत म्हणून बेटामेथासोनची दोन इंजेक्शनं सांगितली, १२ मिलिग्रॅमची, चोवीस तासांच्या अंतराने.

नवरा कॉरिडॉरमध्ये थांबवून म्हणाला, “मॅडम, हे पण स्टेरॉइडच ना? कॉर्टिसोल बाळापर्यंत जाऊ नये म्हणून आपण ज्येष्ठमध बंद केलं, आणि आता तेच टोचतोय?”

इतका नेमका प्रश्न मला शिकाऊ डॉक्टरांनीही क्वचित विचारला आहे. कॉरिडॉरमध्येच बाकावर बसून उत्तर दिलं. हो, तेच कुटुंब. आणि बेटामेथासोन, डेक्सामेथासोन ही औषधं निवडतात ती याचसाठी की वारेतलं ते एन्झाइम त्यांना फारसं अडवू शकत नाही. ती दारातून सरळ पलीकडे जातात. आईच्या दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी प्रेडनिसोलोन देतो तेव्हा उलटा विचार असतो, कारण ते दारातच बरंचसं मोडतं. न्यूझीलंडच्या लिगिन्स यांनी १९६९ मध्ये पाहिलं की स्टेरॉइड दिलेली कोकरं वेळेच्या खूप आधी जन्मूनही श्वास घेतात. १९७२ मध्ये त्यांनी आणि हाउई यांनी बायकांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला: इंजेक्शन मिळालेल्या गटात पहिल्या काही दिवसांत दगावलेली बाळं ३.२ टक्के, न मिळालेल्या गटात १५ टक्के. भारतासह पाच देशांत झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० मधल्या अभ्यासातही डेक्सामेथासोनने बाळं वाचली. इथे निरोप मुद्दाम, मोजून, दोन दिवसांपुरता द्यायचा असतो, कारण बाळ बाहेर येण्याचा धोका समोर उभा आहे. म्हणूनच ही इंजेक्शनं मी ‘असू द्या जवळ’ म्हणून कुणाला देत नाही, आणि गरज असेल तेव्हा टाळतही नाही.

त्याने विचार केला, आणि सहीसाठी पेन मागितलं.

कळा थांबल्या. दिवस भरत आले आणि ३८ आठवडे ४ दिवसांना मुलगी झाली, २ किलो ७५० ग्रॅम, नैसर्गिक बाळंतपण. लगेच रडली. आईचं बीपी बाळंतपणात आणि नंतर सहा आठवड्यांनीही नीट होतं, म्हणजे मूळचा रक्तदाबाचा आजार नव्हता.

बालरोगतज्ज्ञांना मी सगळा इतिहास लिहून दिला. त्यांनी वेगळं काही सुचवलं नाही: लसी, वजन-उंचीचा तक्ता, बोलणं-चालणं वेळेत आहे ना ते पाहणं, तीन वर्षांनंतर दरवर्षी बीपी, आणि पुढे वयात येण्याची लक्षणं आठ वर्षांच्या आत दिसली तर दाखवायला आणणं. हे प्रत्येक मुलीसाठी करायचंच असतं. हिच्यासाठी ते चुकवायचं नाही, एवढाच फरक.

माझ्या केसपेपरवर आता ‘इतर औषधे’ या ओळीखाली आणखी एक ओळ हाताने लिहिलेली असते: काढा, चूर्ण, मुखवास, चघळायचं काय? उत्तरं ऐकून मी थक्क होते. एकीने सांगितलं, औषध काही नाही, आणि मग बोटांवर सात वस्तू मोजल्या. त्यातल्या बहुतेक निरुपद्रवी होत्या. दोन नव्हत्या.

मुलगी गेल्या महिन्यात तीन वर्षांची झाली. आजीबरोबर आली होती. बीपीचा पट्टा आधी तिच्या बाहुलीच्या हाताला बांधला, मग तिच्या. ९०/५२. आजीने आकडा दोनदा विचारून घेतला. उठताना त्यांनाच खोकला आला. धुळीचे दिवस पुन्हा सुरू झालेत.

“तुम्हाला बीपीची गोळी चालू आहे ना काकू?” मी विचारलं. “त्यात लघवीची पण आहे?”

“आहे. सकाळची.”

“मग पोटॅशियम आधीच त्या गोळीने कमी होतं. तुम्हालाही नको.”

त्या थोडा वेळ थांबल्या. मग पिशवीच्या बाजूच्या कप्प्यातून एक कागदी पुडी काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली.